थैलीतला म

थैलीचा बंद तुटला म्हणून बायकोनं ती उसवायला घेतली. खाकी, जाड कापडाची, बाबांच्या वेळची थैली. मधली काही वर्षं सगळेच प्लॅस्टिकच्या पन्न्यांतून भाजी आणायला लागले तेव्हा ती माळ्यावर गेली होती. २०१८ मध्ये पन्न्यांवर बंदी आली आणि ती खाली उतरली. (पन्न्या काही गेल्या नाहीत. थैली मात्र उतरली.)

अस्तर उसवलं तर आतून घडी केलेला कागद निघाला. बाबांची यादी. कांदे ५, आलू ४, वांगे २, टमाटर २, पोपट १, सांबार, मिरच्या, अदरक. आणि सगळ्यात खाली, एकटाच: म १.

दुपारची वेळ होती, मी नुकताच आडवा झालो होतो. तो म काही झोपू देईना.

आमच्याकडे तेव्हा तेरा माणसं होती. नागपूरच्या महाल भागातलं घर आणि बुधवारचा बाजार. नागपुरात वारांच्या नावांचे मोहल्लेच इतके आहेत की बाहेरच्या माणसाला पत्ता सांगायचा म्हणजे त्याची परीक्षा घेतल्यासारखं होतं. आत्या शुक्रवारीला राहायची, मामाचं दुकान इतवारीत, आणि दोघं आईला भेटायची सोमवारी, बुधवारीत. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना हे वाक्य मी तीनदा म्हणून दाखवलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी चहा मागितला.

तर बुधवारी संध्याकाळी बाबा सायकल काढायचे आणि मला मागे बसवायचे. बाजारात माझं काम एकच, सायकल धरून उभं राहायचं. बाबा आधी हात हलवत अख्खा बाजार एकदा फिरून यायचे, नुसते भाव विचारत. घ्यायचं ते परतताना, दिवेलागणीला, भाव उतरला की. आईला हे पसंत नव्हतं. उतरत्या बाजारात निवडून उरलेलंच मिळतं, असं ती म्हणायची, आणि वांगी चिरताना किडकं वांगं मुद्दाम ताटात बाजूला काढून ठेवायची. बाबांना दिसेल असं.

दोन थैल्या हँडलला, एक कॅरिअरवर. दोन्हीकडचं वजन सारखं हवं, नाहीतर सायकल एका अंगाला ओढते. म्हणून कांदे एकीकडे आणि आलू एकीकडे, टमाटर नेहमी वर. ही सगळी रचना झाली की बाबांना हमखास काहीतरी आठवायचं. "धर घट्ट, आलोच," म्हणून ते गर्दीत शिरायचे. गॅसबत्त्यांचा सूं सूं आवाज, ओल्या पोत्यांचा वास, आणि माझ्या नऊ वर्षांच्या हातात भाजीनं लादलेली सायकल. आधी ती थोडी कलायची. मग मी कलायचो. एकदा दोघंही पूर्ण कललो आणि टमाटर चपलांच्या दुकानापर्यंत गेले. बाबा आले, खाली बसले आणि एकेक टमाटर धोतराला पुसून थैलीत ठेवायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री भाजीत टमाटर जरा जास्तच होता.

आता घरात नऊ माणसं आहेत. दोन भाऊ, दोन जावा, आई, मुलं, पुण्याची सूनबाई. आठवड्याला पाच किलो कांदे आणि बारा किलो कणीक लागते. दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, पण त्यावर दोनशे ग्रॅमची भेंडी मिळते. दोनशे ग्रॅम भेंडी आमच्याकडे चिरणाराच कच्ची खाऊन टाकतो.

सूनबाईनं मनावर घेतलं. तिनं फोनवर एक तक्ता केला: वस्तू, प्रमाण, कोण आणणार. प्रमाणाच्या रकान्यात आईनं लिहायला लावलं, "पुरेल इतकं." वस्तूंच्या रकान्यात तिची खरी परीक्षा होती. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नाही, कोथिंबीर, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण हिवाळा लागला आणि "पोपट १ किलो" आलं तेव्हा ती हातातलं काम सोडून स्वयंपाकघरात आली. वालाच्या शेंगा आहेत म्हटल्यावर तिनं मुकाट्यानं तक्त्यात कंस केला. मुनग्याला, म्हणजे शेवग्याला, आणखी एक कंस. पुढे "एचएमटी १ कट्टा" दिसलं तेव्हा मात्र तिनं सूड घ्यायचा म्हणून विचारलं, "हे काय, घड्याळ?" आम्ही सगळे हसलो. आणि मग मलाच आठवलं की ती बरोबर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतात हे धान निवडून काढलं आणि त्याला नाव पडलं ते त्या काळच्या एचएमटी घड्याळाचं. इतकी वर्षं आम्ही वाडग्यात घड्याळ वाढून घेत होतो.

तक्ता झकास आहे. फक्त तो कोणी वाचत नाही. परवा तिघांनी सांबार आणला आणि शेजारणीनं तिच्याकडची एक जुडी दिली, अशा चार जुड्या. दोन दिवस सांबारवड्या. माझं म्हणणं असं की यादी वस्तूंप्रमाणे करूच नये, पायांप्रमाणे करावी. बाबांची यादी तशी होती. बाजारात ज्या क्रमानं दुकानं बसतात त्याच क्रमानं. वर कांदेवाला, मग आलूवाली, मग वांगी. यादी खाली सरकते तसा माणूस पुढे सरकतो, मागे वळायला नको. एखाद्या बुधवारी कोणी बसलं नाही की ती यादी कोलमडायची, हे खरं.

पण मग म बाजाराच्या शेवटच्या टोकाला असणार! मी उठून बसलो. मेथी नव्हे, मेथी जुड्यांनी यायची आणि तेरा माणसांत एक जुडी म्हणजे चेष्टा. मोहरी किराण्यात जायची. मुळा एक? मक्याचं कणीस एक? त्यावरून आमच्याकडे खून पडले असते. टोकाला कुंभार बसायचा, पण पोपटाच्या दिवसांत मडकं कोण घेतं? आणि त्याच्या पलीकडे, सायकल धरून मी उभा असायचो तिथून चार पावलांवर, भट्टीवाला. मुरमुरे.

पटलं मला. फक्त बाबांनी मुरमुरे कधी आणले नाहीत. आणायचे ते फुटाणे.

कागद घेऊन आईकडे गेलो. तिनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

"म काय होतं गं?"

"आणलं असेल की त्यांनी तेव्हाच. आता काहून शोधून राहिला?" तिनं कागद परत दिला. "आणि सांबार आणला का कोणी?"

तक्ता पाहिला. कोण आणणार या रकान्यात तीन नावं होती, त्यामुळे कोणीच आणला नव्हता. मी चपला घातल्या. थैली उसवलेली पडली होती, म्हणून जुडी तशीच हातात धरून आलो.