सातपुड्याचा फेरा: नकाशा ठरला, दाते अडले

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं, की नागपूर–छिंदवाडा–सिवनी–नागपूर हा फेरा सायकलने एका दिवसात मारणार. सुमारे ३२५ किलोमीटर. तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब सायकलफेरी) वीस तास मिळतात, मग वरच्या पंचवीस किलोमीटरचं काय एवढं, असा माझा हिशोब होता. तो सूर्याने मोडला. पायांचं पुढे सांगतो.

हाच फेरा का, तर पेंचसाठी. आपल्या नळाला येणारं पाणी ज्या नदीचं, तिच्या भोवताली एकदा सायकलने फिरून यायचं, एवढंच मनात आहे. रामाकोन्याकडे कन्हान ओलांडायची, घाट चढून पठारावर जायचं, छिंदवाडा–सिवनी टप्प्यात पेंच ओलांडायची, कुरईचा घाट उतरायचा आणि शेवटी कामठीच्या अलीकडे पुन्हा कन्हान. तोवर पेंच तिच्यात मिसळलेली असते. वरचं माचागोरा धरण झाल्यापासून खालच्या तोतलाडोह धरणात कमी पाणी येतं, ही नागपूरकरांची नेहमीची कुरकुर. तोतलाडोह जंगलाच्या आत असल्यामुळे या रस्त्यावरून दिसणार नाही. तळी म्हणून हाती लागतात ती सिवनी गावातलं दलसागर आणि रामटेकजवळची खिंडसी.

फिरायचं कोणत्या दिशेने, यावर आमच्या गटात दोन आठवडे खल चालला. मी घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आधी सावनेर–सौंसरकडे जाण्याच्या बाजूचा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून असतो. जाताना तो तोंडावर येईल, पण तेव्हा पाय ताजे असतात. परतीला तोच पाठीवर. शिवाय सिल्लेवानीचा घाट सकाळी चढायला मिळतो आणि कुरईचा उतरायला. उलट्या दिशेने गेलो तर ट्रकांच्या रांगेशेजारून कुरई चढावा लागेल. ते मला नको.

आता सूर्य. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचनंतर मावळतं. सिवनीपर्यंत साधारण २०० किलोमीटर, पुढे नागपूरच्या रस्त्यावरचं खवासा अडीचशेच्या आसपास. थांबे धरून ताशी वीसची सरासरी ठेवली, तरी पहाटे चारला निघून खवाशाला साडेचार वाजतात. एक पंक्चर, एक लांबलेला चहा, की पेंचच्या जंगलात अंधार. तिथे रात्री मागचा लाल दिवा लुकलुकवत एकट्याने जायची हौस मला नाही. बरं, जंगल वेळेत ओलांडलं तरी रामटेकला पोचेपर्यंत खिंडसी काळीकुट्ट. ज्या तळ्यासाठी एवढा आटापिटा, ते हेडलाइटच्या उजेडात बघायचं?

म्हणून ठरलं: दोन दिवस. पहिल्या दिवशी सिवनीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कुरई आणि दुपारी खिंडसी. गटातल्या दोघांनी याला 'सहल' म्हटलं. म्हणोत.

महिन्यापूर्वी मोटारीने पाहणी करून आलो. केळवद सोडून सीमा ओलांडली, तरी सौंसरपर्यंत संत्र्याच्या बागा आणि टपरीवरची मराठी सुटत नाही. तालुका मध्य प्रदेशात, २०२३ पासून तर नव्या पांढुर्णा जिल्ह्यात, पण चहावाला 'काय देऊ भाऊ' असंच विचारतो. लहानपणी छिंदवाड्याला नॅरोगेजने जायचो. गाडी चढावर इतकी दमायची, की पोरं उतरून बाजूने चालायची, असं मोठी माणसं सांगायची. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज आहे.

परतीला पेंचच्या पट्ट्यात एक हिरमोड आहे, तो आधीच सांगून ठेवतो. चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गावर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता जागोजागी उचललाय. एकट्या महाराष्ट्राच्या हद्दीत अशी नऊ बांधकामं आहेत, सगळ्यांत लांब ७५० मीटरचं. आवाज आणि दिव्यांचा झोत जंगलात जाऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी कडेला आडोसेही आहेत. वाघाच्या दृष्टीने उत्तम सोय. सायकलवाल्याला मात्र कित्येक ठिकाणी जंगलाऐवजी पत्रा दिसतो. फोटोची स्वप्नं बघू नका.

चढाईच्या आकड्यांनी डोकं खाल्लं. एकच मार्ग तीन ॲपमध्ये टाकला तर एकूण चढाई तीन वेगवेगळी, आणि फरक थोडाथोडका नाही, शेकड्यांत. वर घाटात एके ठिकाणी एकदम अठरा टक्के चढ! राष्ट्रीय महामार्गावर अठरा टक्के? मोटारीने गेलो तेव्हा तिथे असलं काहीच नव्हतं. मग उलगडा झाला. बऱ्याच ॲपची उंचीची माहिती मुळात अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची, फेब्रुवारी २००० मधली. सुमारे तीस-तीस मीटरच्या चौकटींची. त्यानंतर डोंगर कापून, भराव घालून रस्ता रुंद झाला. ॲपला अजून जुना डोंगरच दिसतो, आणि आपली रेघ त्याच्या अंगाखांद्यावरून जाते. तेव्हा ॲपच्या आलेखात घाटात दिसणाऱ्या टोकदार सुळक्यांना घाबरू नका. खालचा सौंसरचा तळ आणि वरचं पठार यांत तीनशेच्या घरात मीटरचा फरक आहे, तेवढा खरा धरा.

सराव नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर. एका फेरीला माझा सायकलवरचा कॉम्प्युटर जेमतेम ३० मीटर दाखवतो. बारा फेऱ्या मारल्या की ३६०, म्हणजे नागपूर (सुमारे ३१० मीटर) आणि छिंदवाडा (सुमारे ६७५) यांच्यातला फरक भरून निघतो. कागदावर. प्रत्यक्षात दर फेरीनंतर उतार फुकट मिळतो आणि आपण त्याला व्यायाम म्हणतो.

हे कळलं रामटेकला. मागच्या रविवारी पहाटे पाचला निघून कामठी, कन्हान, मनसर करत गेलो. मनसरपर्यंत मस्त. अंबाळ्याच्या बाजूने गडाचा रस्ता धरला आणि अर्ध्यावर ३४ बाय २८ मध्ये (पुढच्या चक्रीला ३४ दाते, मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्रीला २८) पॅडल जवळजवळ थांबलं. उभा राहिलो, मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे, गुडघा कुरकुरायला लागला. उतरलो. ढकलत चाललो होतो तर दर्शनाला निघालेली एक आजी थांबून म्हणाली, "काहून एवढा जीव काढून राह्यला रे बाप्पा? घरी गाडी नाही का?" तिच्यासोबत गप्पा मारत वर पोचलो. खिंडसीवर तासभर बसलो, डोंगरांच्या कुशीतलं ते पाणी बघून गुडघ्याला बरं वाटलं. परतताना कन्हानजवळ बाभळीचा काटा. त्याचं वर्णन करत नाही, सगळ्यांनी काढलेले आहेत.

तर आता दाते. पुढे ३४, मागे २८ आणि २८ मिलिमीटरचा टायर, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५९ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर ताशी ९.३ किलोमीटरने चढावंच लागतं. मागे ३२ बसवलं तर तेच ८.२ वर येतं. ऐकायला फरक बारीक, पण गुडघ्याला विचारा. त्यात मुक्काम वाढवल्यामुळे आता पिशवी आली: कपडे, चार्जर, जॅकेट, जास्तीची ट्यूब मिळून चार किलो. म्हणजे अंधार टाळला, पण वजन घेतलं.

अडचण अशी, की माझ्या मागच्या डिरेल्यरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) चेन ताणून धरणारा पिंजरा आखूड आहे. दुकानदार म्हणतो तीसपर्यंत ओढेल, बत्तीस हवं असेल तर लांब पिंजऱ्याचा डिरेल्यर आणि नवी चेन दोन्ही घ्या. तीसवर भागवावं असा एक सल्ला आलाय: दोन दाते, ताशी ८.७, खर्च फक्त कॅसेटचा, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाचा. माझा कल बत्तीसकडे आहे, कारण खर्च एकदाच होतो आणि घाट दरवर्षी येतो. कुणी आखूड पिंजऱ्यावर बत्तीस चालवलं असेल तर सांगा, पण घाटात चालवलं असेल तरच. स्टँडवर सगळंच चालतं.

सुटे भाग येईपर्यंत पिशवीचा सराव चालू केलाय. काल संध्याकाळी चार किलो तांदूळ मागे बांधून सेमिनरीच्या सहा फेऱ्या मारल्या. सीटपोस्टवर पिशवी डुलते, पट्टा अजून एक घट्ट करायला हवा. घरी आल्यावर आईने डबा उघडा पडलेला बघितला, मग पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता तांदळालाबी फिरवून आणून राह्यला का रे?"