सगळ्या मुली बंद गेटकडे पळाल्या

काम तसं सरळ होतं. एका युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर आंतरविद्यापीठ स्पर्धा होणार होत्या, दिवसा मॅचेस आणि संध्याकाळी गाणी-नाटकं, आणि त्याआधी कॅम्पसवरच्या सगळ्या जागा फिरून कुठे किती आणि कसं ऐकू येतं ते मोजून रिपोर्ट द्यायचा होता. मी ॲकॉस्टिक्सचं, म्हणजे जागेत आवाज कसा वागतो ते बघण्याचं काम करते. हॉल बांधताना खुर्च्या, दिवे, एसी, पार्किंग सगळ्याचा विचार होतो आणि आवाजाचा विचार राहून जातो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं, कारण आधी विचार केला तर फार काही लागत नाही.

सोबत आमचा ज्युनिअर होता आणि सामान होतं, मीटर, ट्रायपॉड, बारा तोंडांचा गोल स्पीकर, लॅपटॉप आणि फुग्यांचं पाकीट. फुगे कशाला असं लोक विचारतात. फुगा फोडला की एक छोटा जोरदार आवाज होतो आणि तो हॉलमध्ये किती वेळ रेंगाळतो ते लगेच कानाला कळतं, मीटरवरचा आकडा नंतर येतो. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो त्याला आम्ही आरटी म्हणतो.

सकाळी आधी ऑडिटोरियम केलं. तिथे फार वेळ गेला नाही. गादीच्या खुर्च्या, मागच्या भिंतीवर कापडी पॅनल, आरटी सव्वा सेकंदाच्या आसपास, बोलणं स्वच्छ. गादीच्या खुर्चीचा मोठा फायदा म्हणजे ती रिकामी असली तरी बसलेल्या माणसाइतका नाही पण बऱ्यापैकी आवाज शोषते, त्यामुळे रिकाम्या हॉलमधली रिहर्सल आणि भरलेल्या हॉलमधला शो ह्यात फार फरक पडत नाही. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटली.

मग स्विमिंग पूल. पूल म्हणजे टाइल्स, काच आणि पाणी, आवाज शोषणारं काहीच नाही, त्यामुळे घुमणार हे गृहीतच असतं. मला तिथे बघायचे होते स्टार्टचे स्पीकर. दहा लेनचा पूल असेल आणि प्रत्येक लेन अडीच मीटरची, तर पूल २५ मीटर रुंद झाला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका टोकाला स्टार्टरने हॉर्न दिला तर शेवटच्या लेनच्या पोरीला तो सात शतांश सेकंद उशिरा ऐकू येणार, आणि शर्यतीचा निकाल तर एका शतांशावर लागतो. म्हणून प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे जिथून उडी मारतात त्या चौथऱ्याच्या मागे वेगळा स्पीकर असतो, सगळ्यांना एकदमच ऐकू यावं म्हणून. इथे दोन ब्लॉकचे स्पीकर मेले होते, क्लोरीनच्या हवेत कनेक्शन गंजून जातात. बाहेरून बघून कोणाला कळलं नसतं. ते रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात टाकलं, कारण त्या दोन लेनच्या मुलांवर सरळसरळ अन्याय झाला असता आणि त्यांना तो कधी कळलाही नसता. ट्रॅकवर हेच, फक्त तिथे स्पीकर दर स्पर्धेला आणून लावतात म्हणून ते ठीक होते.

ओपन एअर थिएटर पटकन झालं. उघड्यावर आवाज परत फेकायला छत-भिंती नसतात, अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, हिशोब सोपा. हॉस्टेल जवळ आहे म्हणून रात्री बास, म्हणजे खालचे जाड सूर, किती ठेवायचा त्याची मर्यादा लिहिली आणि निघालो.

दुपारी इनडोअर स्टेडियम. कॅम्पसवरची सगळ्यात लाडकी जागा, मॅचेस तिथेच, पदवीदान तिथेच, मोठे कॉन्सर्ट पण तिथेच. साधारण ६० बाय ४० मीटर, सरासरी १४ मीटर उंच, वर पत्र्याचं कमानी छत, खाली लाकडी कोर्ट, तिन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे स्टँड, भिंती प्लास्टरच्या. आत पाऊल टाकल्या टाकल्या ज्युनिअरने नुसती टाळी वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. फुगा फोडला तेव्हा तो आवाज छतात जाऊन, गोळा होऊन, पुन्हा खाली येऊन, भिंतीभिंतीत फिरत राहिला. आरटी निघाला ६ सेकंद.

६ सेकंद म्हणजे किती ते सांगते. आपण साधं बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज बोलतो. म्हणजे तुम्ही एक अक्षर उच्चारता तेव्हा आधीची पंचवीस-तीस अक्षरं अजून हवेत तरंगत असतात, आणि नवीन अक्षराने त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत तुमच्या कानापर्यंत यायचं. स्वर मोठे असतात ते टिकतात, व्यंजनं बुडतात, आणि शब्द कळतो तो व्यंजनांमुळे. मग लोक काय करतात, आवाज वाढवतात. आवाज वाढवला की घुमणंसुद्धा तेवढंच वाढतं, त्यामुळे हाती काहीच लागत नाही, फक्त कान दुखतात. अशा हॉलमध्ये, मधोमध टांगलेल्या हॉर्न, म्हणजे भोंग्यासारख्या स्पीकरपासून तेरा-चौदा मीटरच्या पुढे गेलात की थेट आवाजापेक्षा घुमलेला आवाजच मोठा होतो. आणि स्टँडच्या वरच्या रांगा तर तीस मीटरवर होत्या.

हॉलमध्ये मुलींची व्हॉलीबॉलची प्रॅक्टिस चालू होती. आमच्या यादीत आणीबाणीच्या घोषणेची टेस्ट पण होती, आग वगैरे लागली तर रेकॉर्ड केलेली सूचना आपोआप वाजते ती. मी कोच सरांना विचारलं, प्रॅक्टिस थांबवायची का. ते म्हणाले, "नको मॅडम, उलट पोरींना पण सवय होईल." त्यांनी मुलींना गोळा करून सांगितलं की आत्ता एक टेस्ट होणार आहे, घोषणा होईल, त्यात सांगतील तसं करा. मी स्टँडमध्ये वरती मीटर घेऊन बसले. ज्युनिअर कोर्टाच्या कडेला. केअरटेकर काकांनी कंट्रोल रूममधून बटण दाबलं.

सायरन, मग एका बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज, नेहमीच्या घोषणेच्या स्पीडने. वरून मला फक्त एक लांबलचक हुंकार ऐकू येत होता. खाली मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने कानावर हात ठेवले. मग एक पळाली आणि तिच्या मागे सगळ्या पळाल्या, सरळ गेट तीनकडे.

घोषणेत काय होतं ते माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. "गेट तीन वापरू नका. कृपया गेट एक आणि गेट दोनमधून शांतपणे बाहेर पडा." गेट तीनच्या पलीकडे जनरेटर रूम आहे, म्हणून आणीबाणीत ते वापरायचंच नाही असा नियम आहे. आणि ह्या मुली कुलूप लावलेल्या गेटपाशी जाऊन दार ढकलत होत्या.

मी खाली पळत गेले. एकेकीला विचारलं, काय ऐकू आलं. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, "गेट तीन". पुढचं काहीच नाही. आणि ह्यात त्यांची काडीचीही चूक नाही, हे असंच होणार होतं. सायरन संपल्यावर एक रिकामी जागा सोडली होती, त्यामुळे घोषणेचे पहिले दोन शब्द शांत हॉलमध्ये पडले आणि स्वच्छ ऐकू आले. तिथून पुढे प्रत्येक शब्द आधीच्या शब्दांच्या घुमण्यात बुडाला. "वापरू नका" त्यातच गेलं. ज्याने मजकूर लिहिला त्याने टेबलावर बसून लिहिला असणार, कागदावर वाक्य अगदी बरोबर आहे. पण हॉलने त्यातलं नेमकं उलटं तेवढं ठेवलं.

एक मुलगी मात्र बाकीच्यांच्या बरीच मागे होती. तिच्या कानात मशीन होतं. ती म्हणाली, "ताई, मला ह्या हॉलमध्ये कधीच काही कळत नाही, सगळ्या जिकडे जातात तिकडे मी जाते. मला वाटायचं माझ्या मशीनचाच प्रॉब्लेम आहे." कोच सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मी पण इथे ओरडत नाही मॅडम, हातानेच खुणा करतो." म्हणजे रोज इथे येणाऱ्या प्रत्येकाने आपापला उपाय शोधून ठेवला होता आणि बाहेरून येणाऱ्या हजारो लोकांचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

बोलणं किती कळतंय हे मोजायला एसटीआय नावाचा आकडा असतो, शून्य ते एक. आणीबाणीच्या घोषणेला ०.५ तरी लागतो असं धरतात. वरच्या रांगेत आला ०.३१.

मग संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. आधी मध्यभागातले जे दोन हॉर्न मागच्या भिंतीवर आवाज फेकत होते ते बंद केले आणि बाकीचे खाली, माणसांच्या दिशेने वळवले. काका शिडीवर चढले, त्यांना त्या हॉलची वायर न वायर पाठ आहे. मग व्यायामशाळेतल्या जाड गाद्या आणून मागच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, मुलींनीच ओढत आणल्या. एवढ्याने आरटी बदलत नाही, तसा तो बदललाही नाही, पण भिंतीवरून जी एक वेगळी थप्पड परत यायची ती गेली.

गाद्या ओढताना मी त्यांना सॅबिनची गोष्ट सांगितली, कारण ती कॅम्पसवरचीच आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या लेक्चर हॉलमध्ये प्रोफेसरांचं बोलणं कळत नव्हतं, आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन हा तरुण फिजिक्सचा शिक्षक, त्याला सांगितलं बघ काहीतरी. तो रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या करून हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनचा पाइप वाजवून बंद करायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. अंगातल्या कपड्यांनीसुद्धा मोजमापात फरक पडतो हे लक्षात आल्यावर त्याने आधीची हजारो निरीक्षणं टाकून दिली आणि पुढे दर वेळी तेच कपडे घातले. त्यातून जे सूत्र निघालं ते मी आजही रोज वापरते, हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले हॉलमधलं एकूण शोषण.

तेच सूत्र घेऊन तिथेच कोर्टाच्या कडेला बसून कोच सरांना हिशोब दाखवला. ३३,६०० घनमीटर हॉल आणि ६ सेकंद आरटी, म्हणजे शोषण साधारण ९०० चौरस मीटर. हे शोषण म्हणजे किती उघडी खिडकी असल्यासारखं आहे असं समजायचं, खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. बसलेला एक माणूस धरा अर्ध्या चौरस मीटरहून थोडा कमी. तीन हजार माणसं बसली की आरटी अडीच सेकंदांच्या खाली येतो. म्हणून भरलेल्या मॅचला "तसा बरा आहे" वाटतं आणि अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये, प्रॅक्टिसला, सकाळच्या पहिल्या मॅचला काहीच कळत नाही. अर्थात भरलेल्या हॉलमध्ये माणसांचा गोंगाट असतो, तो वेगळा प्रश्न. छताखाली हजार चौरस मीटर बॅफल, म्हणजे आवाज शोषणारी पॅनल, टांगले तर रिकाम्या हॉलचासुद्धा आरटी निम्म्यावर, ३ सेकंदांवर येईल. छताची कमान आवाज एका जागी गोळा करते, त्यालाही त्याने आळा बसेल. एमआयटीच्या क्रेस्गे ऑडिटोरियमला १९५५ मध्ये गोलाचा आठवा भाग कापून घेतल्यासारखं छत दिलं तेव्हा आत ढगांसारखी पॅनल टांगूनच ते सांभाळलं होतं.

शेवटी घोषणा. मजकूर मी आणि कोच सरांनी मिळून पुन्हा लिहिला. गेट तीनचं नावच काढून टाकलं. "गेट एक." मग थांबा, आवाज विरू द्या. "गेट दोन." पुन्हा थांबा. "बाहेर पडा." बस एवढंच, तीनदा. ज्या मुलीचा आवाज जरा पातळ आणि स्पष्ट होता तिनेच सावकाश रेकॉर्ड केलं. आवाजाची पातळी आधीपेक्षा कमी ठेवली. पुन्हा टेस्ट घेतली ती दुसऱ्या बॅचच्या मुलांवर, ज्यांनी आधीचं काही बघितलं नव्हतं, आणि ती मुलं निम्मी गेट एककडे आणि निम्मी गेट दोनकडे गेली. एसटीआय ०.४३, म्हणजे अजून पास नाही.

तेच रिपोर्टमध्ये लिहिलं, कुठलीही मखलाशी न करता. क्रीडा संचालकांना ते आवडलं नाही, त्यांना उद्घाटनाचा कॉन्सर्ट तिथेच हवा होता आणि तारीख जवळ आली होती. मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला नाही, आधीचं आणि नंतरचं दोन्ही रेकॉर्डिंग वरच्या रांगेत बसवून ऐकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कॉन्सर्ट ओपन एअरला घ्या. मॅचेस हॉलमध्येच होतील, पण स्कोअरबोर्डवर सायरनबरोबर गेट १ आणि गेट २ मोठ्या अक्षरात दिसेल, गेटवर माणसं उभी राहतील, आणि कोर्टाभोवती हिअरिंग लूपची तार टाकायची. ज्यांच्या कानाच्या मशीनमध्ये टेलिकॉइल, म्हणजे त्या तारेतला सिग्नल पकडणारी छोटी कॉइल, आहे त्यांच्या कानात आवाज थेट जातो, हॉल आडवा येतच नाही. बॅफलची ऑर्डर गेलीय. ते लागले की पुन्हा मोजायचंय, एकदा रिकाम्या हॉलमध्ये आणि एकदा चालू मॅचमध्ये, आणि एक माइक ती मशीनवाली मुलगी सर्व्हिस करायला उभी राहते त्या कोपऱ्यात लावायचा असं तिच्याशी बोलून ठरवलंय.