होतच आलंय

दुपारी सव्वातीनला मला कळलं की माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा पेनं आहेत आणि त्यातली चार चालत नाहीत. हे शोधायला वीस मिनिटं गेली, कारण प्रत्येक पेनाने गोल गिरवून बघितले, जे उठत नव्हतं त्याला तोंडाची वाफ दिली, तळहातांमध्ये धरून घुसळलं, परत गोल. पाचला रिपोर्ट द्यायचाय. रिपोर्टला पेन लागत नाही, टाइप करायचाय, माहितीये मला.

फाइल उघडी आहे, तिच्यात मथळा आहे, मथळा ठळक केलेला आहे. तेवढं काम मी गेल्या मंगळवारी उरकलं होतं.

आपल्याकडे या दुखण्याला शब्दही किती ऐसपैस आहेत. टाळाटाळ, चालढकल, टंगळमंगळ. म्हणतानाच दोन मिनिटं जातात, त्यात कुणाला घाई आहे असं वाटतच नाही. आणि डेडलाइन? तो शब्द कुठून आला हे बघायची तातडीची गरज अर्थातच मला आजच पडली. १८६४ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात तटबंदीच्या आतल्या बाजूला एक हद्द आखलेली होती, कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी सरळ गोळी घालायचे. वाचून जरा वेळ गार पडले. मग वाटलं, आपली हद्द तशी प्रेमळ आहे, आपण जवळ गेलो की बिचारी थोडी मागे सरकते.

काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सरकासरकीमागच्या खुळ्या आशेला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. मागची सगळी कामं रखडलेली असतात, तरी पुढचं काम मात्र वेळेत होणार असं माणूस धरून चालतो. हे मी चौथीतच करून दाखवलं होतं. सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन, वर तारीख घालून. पहिले चार दिवस लिहिलं आणि मग वाटलं, पुढे भरपूर दिवस पडलेत. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री सव्वीस पानं कोरी. आई जे काही बोलली ते शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकू गेलं. बाबा काहीच बोलले नाहीत, शेजारी येऊन बसले, वही चाळली आणि म्हणाले, "एकाच शाईत सगळं लिहिलंस तर पकडली जाशील." मग घरातली झाडून सगळी पेनं गोळा झाली. बाबा तारखांप्रमाणे वाटप करत होते, आठ ते अकरा हे, बारा आणि तेरा ते जाड टोकाचं, आणि चौदाला स्वतःच्या खिशातलं काढून दिलं, मरून रंगाचं, एरवी हात लावू द्यायचे नाहीत. "हे जपून, परत दे." रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघं एक अख्खा महिना तयार करत होतो. मला तर मजाच येत होती.

बाईंनी वही उलटून बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "महिनाभरात अक्षर फार बिघडलंय गं तुझं."

आत्ता साहेबांचा मेसेज आला, कुठवर आलंय? मी लिहिलं, होतच आलंय. याच्याइतकं बिनबुडाचं आणि तरी शंभर टक्के खरं वाटणारं वाक्य दुसरं नसेल, कारण लिहिताना माझाही त्यावर विश्वास बसलेला असतो.

चार वाजून दहा मिनिटं. बंद पडलेली चारही पेनं मी परत ड्रॉवरमध्येच ठेवली, टाकवत नाहीत. त्यातलं एक मरून आहे. ते परत द्यायचं तेव्हा राहूनच गेलं, बाबांनी मागितलंही नाही कधी, आणि आता मागणार नाहीत. रिफिल आणायचीये त्याची. बरीच वर्षं आणायचीये.