घड्याळाच्या डायलवरचं माकी-ए: शिकतानाचा माझा अनुभव

घड्याळांचं वेड मला कॉलेजपासून आहे पण तेव्हा सगळं लक्ष मूव्हमेंटवर, म्हणजे आतल्या यंत्रावर असायचं, डायल म्हणजे काटे फिरायची जागा, एवढंच. टोकियोला नोकरीसाठी आले आणि गिन्झाच्या एका दुकानात शोपार्ड या स्विस कंपनीचं एल.यू.सी. एक्सपी उरुशी हे घड्याळ बघितलं, 2022 च्या वाघाच्या वर्षाचं. 39.5 मिमीचं घड्याळ, सगळी जाडी मिळून 6.8 मिमी, आणि आत काळ्याभोर उरुशीवर, म्हणजे जपानी लॅकरवर, सोन्याच्या भुकटीचा वाघ, याच कलेला माकी-ए म्हणतात. डायल यामादा हेइआन्दोकडे बनते, म्हणजे जपानच्या राजघराण्याला लॅकरची भांडी पुरवणाऱ्यांकडे, काम मिनोरी कोइझुमी यांच्या हातचं, आणि एका वर्षाची फक्त 88 घड्याळं. किंमत ऐकल्यावर घ्यायचा विषय संपला पण हे करतात कसं हे काही डोक्यातून जाईना, म्हणून माकी-एचा वीकेंड क्लास शोधला आणि नाव घातलं.

आधी उरुशीबद्दल सांगते कारण सगळा खेळ तिचाच आहे. हा एका झाडाचा चीक. झाड 10-15 वर्षांचं झालं की उन्हाळ्यापासून पुढे काही महिने खोडावर आडव्या चिरा पाडत जातात, एका झाडाचा सगळा मिळून साधारण 200 ग्रॅम चीक निघतो आणि मग झाड तोडूनच टाकतात. जपानमध्ये वापरतात ती बहुतेक उरुशी चीनमधून येते, देशातली सगळ्यात जास्त इवातेमधल्या जोबोजी भागातली. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, पहिल्याच दिवशी सांगितलं की आंबा आणि काजू हे या झाडाचे भाऊबंद, मी रत्नागिरीची त्यामुळे मला लगेच बिब्बा आठवला, तोही याच कुळातला. ग्लोव्ह्ज होते, लांब बाह्या होत्या, तरी मनगटावर पुरळ उठलंच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं हे बिब्बा उतल्यासारखंच दिसतंय, खोबरेल लाव आणि खाजवू नकोस." शेवटी डॉक्टरांच्या मलमाने गेलं. क्लासमध्ये बहुतेकांना एकदा तरी होतं, पुढे बऱ्याच जणांना त्याची सवय होते, पण ज्यांना ॲलर्जीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, हे कळकळीने सांगतेय.

मला डायलएवढंच काम करायचं होतं. सेन्सेईंनी एक छोटी गोल चकती दिली, काळ्या उरुशीचे थर देऊन चेहरा दिसेल इतकी घासलेली. चित्र मी काजूचं ठरवलं, एक बोंड आणि दोन पानं. पातळ जपानी कागदावर चित्र काढायचं, कागद उलटा करून त्याच रेघा उरुशीने गिरवायच्या आणि चकतीवर दाबायचा, की पुसटसा ठसा उठतो. मग लाल आयर्न ऑक्साईड घातलेल्या उरुशीने तो भरायचा. ब्रश लांब बारीक केसांचा, पूर्वी उंदराच्या पाठीचे केस वापरायचे, आता मांजराचे पण असतात. थर सगळीकडे सारखा आणि एकदम पातळ हवा, जाड झाला तर वर सुरकुत्या पडतात आणि सोनं आत बुडतं.

आणि मग थांबायचं. उरुशी अर्धवट घट्ट झाली की सोनं टाकायचं, लवकर टाकलं तर बुडणार, उशीर झाला तर चिकटणारच नाही. वेळ झाली की नाही हे कळायला सेन्सेई चकतीवर हलकेच तोंडाची वाफ सोडायच्या आणि धुक्याला निळसर झाक आली का ते बघायच्या. मला ती झाक दिसायला खूप वेळ लागला, पण एकदा दिसायला लागली की डोळा चुकत नाही. सोन्याची भुकटी बांबूच्या किंवा पक्ष्याच्या पिसाच्या नळीत भरतात, एका तोंडाला बारीक रेशमी कापड बांधलेलं, आणि नळीला बोटाने टिचकी मारत मारत ती पाडायची. सराव सगळा कथलाच्या भुकटीवर केला, सोनं अगदी शेवटी हातात मिळालं.

पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत ना, उरुशीला नेमकी तीच हवा लागते. तिच्यातलं लॅकेस नावाचं एन्झाइम ओलाव्यात काम करतं, म्हणून चकती लाकडी कपाटात ठेवतात, आत ओली फडकी, 20-25 अंश आणि 70-80 टक्के आर्द्रता. तिथून निघाली की सोन्यावर पातळ उरुशी चढवून कागदाने टिपायची, म्हणजे कण धरून राहतात, परत कपाटात, मग कोळशाने घासायचं, परत उरुशी, परत कपाट, आणि सगळ्यात शेवटी तेल आणि बारीक पावडर घेऊन नुसत्या बोटाने चमक काढायची. घासणं मला सगळ्यात अवघड गेलं कारण पानाच्या कडेला सोनं इतकं पातळ असतं की जरा जोर लागला तर खालची लाल रेघ वर येते. सेन्सेई सारखी चकती उजेडात तिरकी धरून बघायला लावायच्या.

चकती पूर्ण झाली. छान झालीय, मला मनापासून आवडते. पण माझ्या चकतीवर काटे फिरत नाहीत, आणि डायलचं खरं दुखणं तिथेच आहे. डायल बहुतेक वेळा धातूची, तिच्यावर उरुशी सहज धरत नाही, त्यासाठी थर तापवून पक्का करायची जुनी पद्धत आहे, सामुराईंच्या चिलखतांवर तीच वापरायचे. मधोमध भोक, त्याच्या काठाला उरुशीचा टवका उडून चालत नाही. चित्र उंच उठवायचं, ज्याला ताकामाकी-ए म्हणतात, तर काट्यांच्या खाली जागा किती उरली ते बघायचं. हे सगळं 6.8 मिमीच्या घड्याळात. रिव्ह्यूवाले कॅलिबरवर, म्हणजे मूव्हमेंटवर, पानभर लिहितात आणि डायलला एक ओळ देतात, हे मला आता अजिबात पटत नाही. व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन या स्विस घड्याळ कंपनीने 2010 मध्ये लॅकरच्या घड्याळांची मालिका काढली तेव्हा काम क्योतोच्या झोहिकोकडे दिलं, 1661 पासून हेच करणारं घराणं, यात सगळं आलं.

ज्यांना असं घड्याळ घ्यायचंय त्यांच्यासाठी, स्पेसिफिकेशनमध्ये नुसतं लॅकर्ड डायल लिहिलं असेल तर तो बहुतेक वेळा साधा सिंथेटिक रंग असतो, उरुशी आहे का आणि काम कोणी केलंय हे सरळ विचारा. घेतल्यावर उन्हात ठेवू नका, अल्ट्राव्हायोलेटने उरुशीची चमक जाते. थोडं आवाक्यातलं हवं असेल तर सेइकोने 2018 मध्ये त्यांच्या प्रेसाज मालिकेत ब्याकुदान-नुरी, म्हणजे चमकत्या थरावर अर्धपारदर्शक उरुशी दिलेल्या डायलचं घड्याळ काढलं होतं, 2000 नग, कानाझावाच्या इश्शू तामुरांच्या देखरेखीखालची डायल, सेकंडहँडमध्ये अधूनमधून दिसतं, मी पण त्याच्यावर डोळा ठेवून आहे. क्लासमध्ये पुढचं काम रादेनचं घेतलंय, शिंपल्याचे पातळ तुकडे उरुशीत बसवायचं, त्याची चकतीसुद्धा डायलच्याच मापाची मागून घेतलीय.