तुम्ही विचारलंत म्हणून: आईला खरं का सांगत नाही?

"बाबा गेल्याचं आईला एकदा सरळ सांगून का टाकत नाहीस?" घरी आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना, चपला घालता घालता, हे विचारतं. काळजीनंच विचारतं, पण त्यात 'आईशी खोटं बोलतेस' हा ठपकाही असतो. तो मला लागतो.

आईच्या अल्झायमरबद्दल तुम्हाला नव्यानं सांगत नाही. दिवस कलला की तिची घालमेल सुरू होते. "हे अजून कसे आले नाहीत?" म्हणत ती दाराशी जाऊन उभी राहते. बाबा एसटीत कंडक्टर; वाट बघण्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलंय.

गेल्या दिवाळीत आत्या आली होती. तिन्हीसांजेला आईनं तिलाच विचारलं. आत्या तिचा हात धरून म्हणाली, "वहिनी, असं काय करतेस? दादा जाऊन तीन वर्षं झाली की गं." आत्याचा तो सख्खा भाऊ, तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. आईचा हात गळ्याशी गेला, मंगळसूत्र चाचपायला लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला कुणी कळवलं कसं नाही? शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत?" ती तर रात्रभर त्यांच्या उशाशी बसली होती. तसं मी म्हटलं, तर जास्तच हादरली. नवरा गेला आणि आपल्याला ते आठवतही नाही!

थोड्या वेळानं ती सगळं विसरली. रडणं मात्र थांबेना. पानावर बसली, पण घास तोंडात जाईना. "मला रडू का येतंय गं?" असं विचारत राहिली.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले होते. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले; मनावर आलेलं दुःख मात्र मागे रेंगाळलं. मी हे पुढे कधीतरी वाचलं. त्या रात्री ते माझ्यासमोर पाटावर बसलं होतं.

मी "येतील हं आत्ता" असं म्हणत नाही, हेही ऐकून ठेवा. मी तिच्या शेजारी दाराशी उभी राहते. "आठवण येतेय?" विचारते. मग ती बोलते. त्यांना गरम भाकरीच कशी लागायची, सुट्ट्या पैशांवरून रोज कुणाकुणाशी वाद व्हायचे. मी ऐकते, मध्ये मध्ये विचारते. तिच्या हुरहुरीत तिला एकटं सोडत नाही. याला खोटं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पण नात्यात खरेपणा आधी, असं मीच वर्षानुवर्षं म्हणत आलेय. ती पूर्वीची मी आज विचारते, नवऱ्यासाठी रडायचा तिचा हक्क तू परस्पर कसा काढून घेतलास? मी म्हणते, रडली होती ती, तेव्हा. रोज संध्याकाळी तिला नव्यानं विधवा करायचं का? ती म्हणते, ठरवणारी तू कोण? इथं मी गप्प होते.

परवा तर आईनं अंथरुणातूनच विचारलं, "हे गेले ना गं?" आवाजात घालमेल नव्हती. मी "हो" म्हटलं. "मला वाटलंच," म्हणाली आणि माझा हात धरून पडून राहिली.

म्हणजे कधी सांगते, कधी नाही. तिच्या आवाजावरून ठरतं. आत्याला हे अजून पटलेलं नाही, तुम्हालाही पटेलच असं नाही. दिवेलागणीला आलात, तर तिला उत्तर द्यायच्या आधी एकदा माझ्याकडे बघा, एवढं करा.