दुसऱ्याची उचल

दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघाले आणि पंधरवड्यात मार्केट यार्डातून फोन आला. गूळ आणि कांदा-बटाटा दोन्ही करणाऱ्या एका दुकानात आमचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला देायच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर आहे. तिथं पन्हाळ्याकडचे एक मामा पट्टी हातात धरून बसले होते, उठत नव्हते.

"उचल मी घेतलीच न्हाई बाळ. ही कुणाची माझ्या डोक्यावर?"

गुळाचे रवे, वजन, दर सगळं बरोबर. वजावटीत मात्र पाच हजार उचल आणि वर 'पिशवी हमाली'. गूळ पिशवीतून येतो कुठं? ही कांद्याची वजावट होती.

दिवाणजी म्हणाले, "मशीन बंद करून चालू केलं की सरळ होतंय." आठवडाभर ते हेच करत होते, आणि आम्हाला कळवावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण त्या वाक्यानंच वाट दाखवली. त्या सकाळची पहिली पट्टी कांद्याची होती, मामांची दुसरी.

पायथन भाषेत लिहिलेला कोड उघडला. मूळ 'पट्टी' क्लास, म्हणजे पट्टीचा साचा, त्याखाली त्याच्यावरून केलेले 'गूळपट्टी' आणि 'कांदापट्टी'. मूळ क्लासमध्ये वरच दोन ओळी: दर शून्य, वजावट रिकामी लिस्ट. दिसायला सारख्या, वागायला नाहीत. सेल्फवर, म्हणजे त्या पट्टीच्या स्वतःच्या नावावर, दर ठेवला की पायथन त्या एका पट्टीपुरता नवा दर तयार करतो, क्लासमधला शून्य तसाच राहतो. लिस्टमध्ये भर घालणारं अपेंड नवीन काहीच तयार करत नाही. वजावट हे नाव आधी त्या पट्टीत शोधलं जातं, मग गूळपट्टीत, मग मूळ पट्टीत, आणि तिथं सापडलेल्या एकुलत्या एका लिस्टमध्येच भर पडते. कांदा, गूळ सगळ्यांची लिस्ट एकच. प्रोग्राम बंद होईपर्यंत ती वाढतच जाते.

लिहिणारा सहकारी जावा या दुसऱ्या भाषेतून आलेला. तिथं स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांचं सामायिक, असं न लिहिता त्याच जागी ठेवलेलं फील्ड प्रत्येक ऑब्जेक्टचं, म्हणजे साच्यातून निघालेल्या प्रत्येक नगाचं, वेगळं असतं. पोरगा हुशार आहे, पण त्याचा कोड कुणी वाचलाच नाही, मीही नाही. टेस्ट होत्या, पण प्रत्येक टेस्ट एकच पट्टी काढून संपायची. कॉलेजात इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा करणं, शिकवताना प्राणी आणि कुत्रा करतात. दोन कुत्र्यांचं ताट एकच निघालं तर काय, हे कुणी विचारत नाही.

लिस्ट इनिटमध्ये, म्हणजे प्रत्येक नवी पट्टी तयार होताना चालणाऱ्या भागात, नेली, तर कांदापट्टी बंद पडली. तिचं स्वतःचं इनिट होतं आणि त्यात वरच्या क्लासचं इनिट बोलावणारी सुपरची ओळ नव्हती. वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे असाच सुरुवातीचा भाग, जावा न सांगता बोलावतं, पायथन बोलावत नाही. ओळ घातली, ओळीनं दहा पट्ट्या काढून बघितल्या.

मामांनी नवी पट्टी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "आन् आदूगर न्हेलेल्यांचं काय?"

पट्टी फार लांब दिसली की दिवाणजी मशीन बंद करायचे. दोन-तीन ओळी जास्त असलेल्या तशाच गेल्या. रात्री बसून जुन्या नोंदी चाळल्या, तशा चौदा सापडल्या. बारा जणांना दुकानानं फरक दिला. उरलेल्या दोघांचे फोन लागत नाहीत. गावांची नावं लिहून घेतली आहेत, रविवारी निघतोय.