तारा फाटताना दिसतो कसा?

गणपतीत हर्णैला घरी गेले की आरतीनंतर ओटीवर कुणीतरी हा प्रश्न काढतंच. यंदा शेजारच्या अण्णांनी काढला. "कृष्णविवरातून उजेडसुद्धा सुटत नाही म्हणतेस. मग ते तारा फाडतं, हे तुम्हाला दिसतं कुठून?" अवकाशातल्या दुर्बिणींनी टिपलेले क्ष-किरण तपासणं हे माझं काम. अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात भरतीपासून करते, कारण ताऱ्याला फाडते तीही भरतीच. माझे आजोबा बंदरावर उभे राहून तिथीला पाऊणकी लावायचे. अष्टमी, म्हणजे आठ पाऊण सहा. सहाला पाणी पूर्ण भरणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. पण नुसत्या ओढीने काम भागत असतं तर सूर्याची भरती कितीतरी मोठी असती. तो पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पट ओढतो, तरी भरतीतला त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. भरती येते ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी, आणि पाणी दोन्हीकडे फुगतं. अंतर दुप्पट झालं की हा फरक आठपट कमी होतो. म्हणून जवळचा चंद्र सूर्याला भारी पडतो.

आता पृथ्वीच्या जागी तारा ठेवा आणि चंद्राच्या जागी १० लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर. तारा फार जवळून गेला की अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत एवढा फरक पडतो की ताऱ्याला स्वतःला धरून ठेवता येत नाही. तो शेवयांसारखा लांबत जातो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडलं की त्यातला साधारण अर्धा वायू कायमचा दूर फेकला जातो आणि उरलेला अर्धा फेरा मारून विवराकडे परत येतो. हा परतणारा वायू आपल्याच धारेवर आदळतो, घासतो, प्रचंड तापतो आणि झळाळून उठतो. हा सगळा उजेड विवराच्या काठाबाहेरचा, म्हणून तो सुटतो. आम्ही बघतो तो हाच.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. विवर १० कोटी सूर्यांहून जड असलं, तर सूर्यासारखा तारा बाहेर फाटतच नाही. विवर जितकं मोठं, तितका त्याच्या काठावर ओढीतला फरक सौम्य. तारा अख्खा आत जातो आणि इकडे काहीच दिसत नाही.

फाटणाऱ्या ताऱ्याचा फोटो मात्र मिळत नाही. एखाद्या दूरच्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या, मधोमध एक ठिपका काही आठवडे उजळत जातो आणि मग महिनोन्‌महिने ओसरतो. रीस यांच्या गणितानुसार पहिल्या महिन्याच्या शेवटी वायू ज्या वेगाने परततो, आठव्याच्या शेवटी त्याच्या बत्तिसाव्या हिश्शाने. ही ओहोटी आलेखात उमटली की ओळख पटू लागते. एका दीर्घिकेत असं दहा हजार ते लाख वर्षांत एकदा घडतं, त्यामुळे नजर लाखो दीर्घिकांवर ठेवावी लागते.

या तापलेल्या वायूतून येणारे क्ष-किरण हवेतच अडतात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. १९९९ची चंद्रा, २००४ची स्विफ्ट आणि आपली अॅस्ट्रोसॅट, जी २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून उडाली. तिच्यावरची मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडली, हे मी ओटीवर आवर्जून सांगते.

२०१९ मध्ये सुमारे २१ कोटी प्रकाशवर्षांवर एक तारा असाच फाटताना सापडला. एटी२०१९क्यूआयझेड हे त्या घटनेचं नाव. उजेड ओसरला, विवराभोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी उरली. चारेक वर्षांनी चंद्रा दुर्बिणीने तिकडे पाहिलं तर तिथून साधारण दर ४८ तासांनी क्ष-किरणांचा झोत येत होता, कधी थोडा लवकर, कधी थोडा उशिरा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात अॅस्ट्रोसॅटचीही निरीक्षणं आहेत. त्यातला निष्कर्ष असा की विवराभोवती आधीपासून फिरणारी दुसरी एक वस्तू, एखादा तारा किंवा छोटं कृष्णविवर, त्या फाटलेल्या ताऱ्याच्या तबकडीतून आरपार जाते, आणि ती घुसली की झोत उठतो.